कुंड्यांची बदली

बाबा, तुमच्या तेराव्याला जेवता जेवता पराग एक वाक्य बोलून गेला, आणि ते वाक्य अजून आमच्या घरात मुक्काम ठोकून बसलंय. तसं त्याच्या मनात काही नव्हतं. तुमचा मुलगा तो, पुण्याहून धावत आलेला, कितीतरी दिवस नीट झोपलेला नाही, आणि पानात तुमच्या आवडीची अळूची भाजी. भात कालवता कालवता बहिणीला म्हणाला, "ताई, बाबा शेवटपर्यंत तुझ्याकडे पाहुण्यासारखेच राहिले गं." सीमा वाढायला उभी होती. तूप आणते म्हणून आत गेली आणि तूप न घेताच बाहेर आली.

पराग दुसऱ्या दिवशी परत गेला, वाक्य मात्र इथेच राहिलं. तुमची लेक कशी आहे ते मी तुम्हाला सांगायला नको, स्वभाव तुमच्याकडूनच आलाय. एखादी गोष्ट लागली की माझी बायको बोलणार नाही, पण भांडी जरा जास्त जोरात आपटेल. तुम्ही गेल्यापासून ती तुमच्याविरुद्ध पुरावे गोळा करतेय. म्हणजे खरं तर स्वतःविरुद्ध. म्हणते, आई गेल्यावर मीच हट्टाने बाबांना पुण्याहून दिल्लीला आणलं. ते आले, राहिले, पण हे घर त्यांना आपलं वाटलंच नाही. मी समजूत काढायला जातो आणि माझीच पंचाईत होते, कारण पुरावे तुम्ही भरपूर ठेवून गेलात हो.

किल्लीचंच घ्या. तुमच्याकडे दाराची किल्ली होती, तुमच्या नातीने, ईशाने, तिला लाल लोकर बांधून दिली होती. तरी रोज सकाळी फिरून आलात की तुम्ही बेल वाजवायचात, आणि दार उघडेपर्यंत पायपुसण्याच्या अलीकडे उभे राहायचात. टॉवेल बाथरूममध्ये कधी टांगला नाहीत, आपल्या खोलीतल्या खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलात. टीव्ही लावायच्या आधी "लावू का?" सकाळी पांघरुणाची घडी अशी की या पलंगावर रात्री कोणी झोपलं होतं हे पोलिसांनाही सांगता आलं नसतं. पलंगाखाली बॅग, तिच्यात दोन शर्ट आणि दाढीचं सामान कायम भरलेलं. बोलताना "तुमच्याकडे", "तुमच्या घरी". आणि मी हेमंतराव. लग्नाला इतकी वर्षं झाली, पोरगी दहावीला आली, तरी मी आपला हेमंतरावच. माझी आई चिडली की मला हेमंतराव म्हणते, त्यामुळे तुमची हाक आली की आपलं काय चुकलं ते मी आधी आठवायचो.

पण हे सगळे किरकोळ पुरावे. मोठा पुरावा मागच्या अंगणात रांगेने उभा आहे. तुमच्या कुंड्या.

इथे दिल्लीच्या द्वारकेत आम्ही तळमजल्याचा फ्लॅट घेतला तेव्हा सगळ्यांनी नावं ठेवली. डास येतील, वरच्यांचा कचरा पडेल, धूळ तर विचारूच नका. मी तो घेतला मागच्या त्या पट्टाभर जमिनीसाठी. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर वाढलेला माणूस मी, पायाखाली स्वतःची माती असण्याचं मला भारी अप्रूप. प्रत्यक्षात ती माती कसली, निव्वळ मलबा होता. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, कोणा मजुराची एक अख्खी चप्पल. तुम्ही आलात त्या पहिल्या हिवाळ्यात आपण चौघांनी ती जमीन चाळून काढली. मी फावड्याने खणायचं, सीमाने घमेलं भरायचं, ईशाने खडे वेचायचे, आणि तुम्ही कानाला मफलर गुंडाळून स्टुलावर बसून चाळण हलवायची. सगळे रविवार त्यात गेले. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं अर्ध्यात थांबायचं आणि विमान लांब गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचं. शेवटी शेणखत पडलं, जमीन अशी मऊ झाली की ईशा त्यात अनवाणी नाचली. आणि मग तुम्ही काय केलंत? त्या जमिनीवर कुंड्या मांडल्यात.

मोगरा कुंडीत, जास्वंद कुंडीत, लिंबाचं झाड डब्यात. तुळस समजू शकतो, पण पुदिना तेलाच्या डब्यात आणि गवती चहा फुटक्या बादलीत? खाली एवढी कसदार माती मोकळी आणि वर भाजलेल्या मातीची रांग. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, बाबा, हे म्हणजे गरम गरम पान वाढलेलं असताना स्वतःचा डबा उघडून बसण्यासारखं झालं. तुम्ही हसलात. "जमिनीत तुम्ही लावा," म्हणालात. "जमीन तुमची आहे."

आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी हट्टाने जमिनीत वांगी लावली, दुधी लावला, कडेने हिरवळ लावायचा घाट घातला. तुम्ही माझ्या वांग्यांना पाणी घालायचात, कीड वेचायचात, दुधीला मांडव बांधून दिलात. पण स्वतःचं म्हणून एक रोप जमिनीत लावाल तर शपथ. दर रविवारी मी टोमणा मारायचो आणि दर रविवारी तुम्ही ऐकू न आल्यासारखं करायचात. कान तुमचे उत्तम होते, मला माहीत आहे.

यामागची गोष्ट मला सीमाने सांगितली. तुम्ही नोकरीत होतात तेव्हाचं, इथलंच दिल्लीतलं, लक्ष्मीबाई नगरचं तुमचं सरकारी क्वार्टर, जिथे ही दोघं भावंडं वाढली. तिथल्या अंगणात तुम्ही पेरू लावला होता, चांगला जमिनीत. त्याला पहिल्यांदा भरपूर फळ धरलं आणि त्याच सुमाराला तुम्हाला बढतीवर दुसरीकडे मोठं क्वार्टर मिळालं. निघताना पराग झाडाला मिठी मारून रडला होता म्हणे. काही महिन्यांनी तुम्ही दोन्ही पोरांना घेऊन मुद्दाम ते झाड बघायला गेलात. नव्या माणसाने स्कूटर ठेवायला शेड केली होती आणि पेरूचा बुंधा तेवढा शिल्लक होता. तुम्ही फाटकाबाहेरूनच परत फिरलात. त्यानंतर घरातलं प्रत्येक झाड कुंडीत. ट्रकवर चढेल एवढंच वाढवायचं. सीमा म्हणते, आमच्याकडे सामान बांधताना आधी कुंड्या बांधायच्या, मग भांडी. कोणी विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं, जिथून उठायचं आहे तिथे जमिनीत लावू नये. दोन्ही पोरांना ते पाढ्यासारखं पाठ आहे.

मला पटलं, पण राग गेला नाही. क्वार्टर सरकारचं होतं, हे लेकीचं घर होतं. इथून तुमची बदली कोण करणार होतं?

तर तुम्ही कुंड्यांच्याच बदल्या करायला लागलात. वर्षातून दोनदा. थंडी पडायला लागली की सगळ्या कुंड्या दक्षिणेच्या उन्हात, आणि होळी झाली की पूर्वेच्या भिंतीच्या सावलीत. त्या रविवारी आपल्या घरात दुसरं काही व्हायचं नाही. सीमा पोहे करायची, तुम्ही चष्मा पुसून ऑर्डर काढायचात. मोगरा, पूर्वेच्या भिंतीखाली. शेवंती, नळाजवळ, तात्काळ. जास्वंद, आहे त्या जागी, पुढील आदेशापर्यंत. ईशा कोणा ना कोणा कुंडीचा वशिला घेऊन यायची. आजोबा, गवती चहाला मेडिकल ग्राउंड आहे, त्याला नका ना पाठवू, इतका हेवी गमला आहे. तुम्ही आधी तिला गमला नाही, कुंडी, असं सांगायचात आणि मग अर्ज फेटाळायचात. उचलायचं काम माझं आणि सीमाचं, मध्ये ईशा. तुम्ही पुढे चालायचात, वाटेतली झारी, खुरपं, चपला बाजूला करत, मंत्र्याच्या गाडीपुढे चालतात तसे.

कुंड्या हलल्या की खालची झाडलोट. होळीनंतर इथल्या कडुनिंबाची पानं गळतात, अख्ख्या अंगणात पिवळा थर. ती गोळा करून खड्ड्यात टाकायची, भिंत धुवायची, स्वयंपाकघराच्या खिडकीची जाळी काढून घासायची. आणि मग चौघांनी मागच्या पायरीवर बसून चहा आणि थालीपीठ. बाबा, मी आठवडाभर गुडगावच्या ऑफिसात स्क्रीनवर चौकटीतल्या माणसांशी बोलतो. कर्जाने घेतलेलं हे घर मला फक्त झोपायला माहीत होतं. त्या पायरीवर बसून मी ते पहिल्यांदा नीट पाहिलं. तुम्ही म्हणायचात, हेमंतराव, घर मागून बघावं, पुढून सगळीच घरं सारखी. खिडकीत सीमाने ठेवलेली लोणच्याची बरणी, दोरीवरचा ईशाचा युनिफॉर्म, भिंतीला लागलेला झारीच्या पाण्याचा डाग. माझं एवढं सगळं आहे हे मला तुम्ही दाखवलंत. त्याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. सासऱ्याचे आभार मानायची आपल्यात पद्धत नाही, आणि मला तोंडावर गोड बोलता येत नाही. आता म्हणतो.

तुमच्या शिकवण्यातही तुमचं ऑफिस डोकवायचं. एका जानेवारीत मी जमिनीत लावलेल्या माझ्या कढीपत्त्याचा खराटा झालेला बघितला, एक पान नाही, काळ्या काड्या. पुण्याच्या माणसाला झाड असं उघडं झालेलं दिसलं की ते मेलं एवढंच कळतं. मी फावडं घेऊन त्याला मुळासकट उपटलं आणि वर सीमाला म्हटलं की तुझ्या दिल्लीच्या थंडीने मारलं ते. तुम्ही फिरून आलात, बेल वाजवून आत आलात, मागे गेलात आणि त्या खड्ड्याकडे बघत राहिलात. मी तयारीत होतो की आता काहीतरी ऐकावं लागणार. तुम्ही एवढंच म्हणालात, "हेमंतराव, दिल्लीत झाडं रजेवर जातात. राजीनामा देत नाहीत." मार्चमध्ये सगळ्या सोसायटीतले कढीपत्ते पालवले तेव्हा सीमाने मला एकेक झाड बोट दाखवून दाखवलं. आमच्याकडे महिनाभर फोडणीत बाजारचा कढीपत्ता.

एकदा मात्र मी तुम्हाला सरळ विचारलं. मागच्या उन्हाळ्यातली संध्याकाळ, आपण दोघंच पायरीवर, सीमा आणि ईशा क्लासला गेलेल्या. तुम्ही लिंबं तोडून मांडीवर पंच्यात धरली होती. मी म्हटलं, बाबा, खरं सांगा, इथे तुम्हाला काही कमी पडतं का? हे काय तुमचं घर नाही?

तुम्ही बराच वेळ लिंबं पुसत बसलात. मग म्हणालात, "असं नाही हो. पण आम्हाला त्याची सवयच नाही. आधी वडिलांचं होतं, ते भावाला गेलं. मग सरकारचं होतं. पुण्यातला फ्लॅट तुमच्या सासूबाईंचा, त्या गेल्यावर तिथे काय होतं? घर म्हटलं की सोडताना जड जातं. त्यापेक्षा न म्हटलेलं बरं."

तेव्हा मला म्हणायचं होतं की बाबा, हे सोडायचं नाहीये. सोडायची वेळ आली तरी आम्ही सोडू देणार नाही. शब्द तोंडाशी आले होते. पण तुम्ही उठलात, लिंबं आत ठेवून येतो म्हणालात आणि स्वयंपाकघराच्या दारावर टकटक करून आत गेलात. घरात कोणी नव्हतं, तरी टकटक केलीत. मला इतका राग आला. तो राग नव्हता हे आता कळतंय, मला वाईट वाटलं होतं.

ते बोलणं तसंच राहिलं. जानेवारीत धुकं पडलं, तुमचा खोकला छातीत उतरला. दवाखान्यात तुम्ही सीमाला पुन्हा पुन्हा सांगत होतात की तुमची सगळी कामं अडली माझ्यामुळे, तू घरी जा. घरी जा, म्हणत होतात, घरी जाऊ या असं म्हणत नव्हतात. तिच्या पुराव्यांत हा शेवटचा. तो मला तिने परवा सांगितला, दिवा मालवल्यावर, माझ्याकडे पाठ करून. मी म्हटलं, आजारी माणसाच्या बोलण्याचा कीस काढू नये. ती म्हणाली, पराग चुकीचं काय बोलला? त्यांनी एक झाडसुद्धा इथल्या जमिनीत लावलं नाही. सगळं उचलून नेता येईल असंच ठेवलं. तेच वाक्य मी तुम्हाला इतकी वर्षं ऐकवत होतो.

पराग या आठवड्यात पुन्हा फोनवर होता. त्याला तुमची आठवण म्हणून एक कुंडी हवी आहे. त्याच्या ओळखीतल्या कुणाचं सामान ट्रकने दिल्लीहून पुण्याला जाणार आहे, त्यात टाक म्हणाला. सीमाने लिंबू द्यायचं ठरवलं. मी म्हटलं, अगं, लिंबू नको, मोगरा दे. तिने ऐकलं नाही. बाबांचा सगळ्यात जीव लिंबावर होता, म्हणाली, आणि ट्रकवर चढावं म्हणूनच तर त्यांनी झाडं ठेवली. बोलताना तिचा आवाज इतका सरळ होता की मला भीती वाटली. एक मन म्हणालं, वाद घाल. दुसरं म्हणालं, हेमंतराव, गप्प बसा.

म्हणून काल बदलीचा रविवार काढला. होळी होऊन गेली होती, ऊन तापायला लागलं होतं, कुंड्या अजून दक्षिणेलाच. पोहे झाले. ऑर्डर कोण काढणार म्हणून तिघंही एकमेकांकडे बघत राहिलो. शेवटी ईशाने काढली, मोगरा पूर्वेच्या भिंतीखाली, शेवंती नळाजवळ, आणि मध्येच थांबली, कारण पुढचं तिला आठवेना. आठवण्यासारखं काही नसतं हे तिला माहीत नव्हतं, तुम्ही दर वेळी जागेवरच ठरवायचात. मग आम्ही मनाला येईल तशा कुंड्या हलवल्या. जास्वंद माझ्या पायावर ठेवली गेली. गवती चहाची बादली मधोमध फुटली. दोन तासांत अंगण असं दिसायला लागलं की तुम्ही असतात तर चौकशी बसवली असती.

शेवटी लिंबू. स्वयंपाकघराच्या दाराशी तो अर्धा कापलेला निळा ड्रम, दोन बाजूंना भोकं पाडून दोरीच्या मुठी बांधलेला. मागे एकदा माझ्या भाचीच्या लग्नाला आम्ही तिघं पुण्याला गेलो होतो, तुम्ही थंडी आहे म्हणून मागे राहिलात. परत आलो तर लिंबू डब्यातून या ड्रममध्ये आलं होतं आणि तुम्ही कमरेला पट्टा बांधून बसला होतात. सीमा रागावली, या वयात एकट्याने कशाला. तेव्हापासून हा ड्रम एकदाही हलला नव्हता. त्याची पाळी आली की तुम्ही म्हणायचात, त्याला एक्स्टेन्शन आहे, आणि आम्हीही काटे टोचतील म्हणून सोडून द्यायचो. निवृत्त माणसाने दिलेलं एक्स्टेन्शन, कोण हरकत घेणार?

एका बाजूची दोरी मी धरली, दुसरी सीमाने. ईशाने फांद्या बाजूला केल्या. एक, दोन, तीन म्हटलं आणि जोर लावला. ड्रम वर आला, बाबा, चांगला वीतभर वर आला. झाड आलं नाही.

आम्ही दोघं दोऱ्या धरून तसेच वाकलेले. ईशा गुडघ्यावर बसून खाली बघायला लागली. ड्रमला तळच नव्हता. तुम्ही तो कापून काढला होतात. आतली माती खालच्या मातीला मिळालेली, आणि मुळं, माझ्या अंगठ्याएवढी जाड मुळं, सरळ जमिनीत गेलेली. ती चाळलेली जमीन. आमची माती.

सीमाने ड्रमच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. कड गुळगुळीत होती, काचपेपरने घासलेली. करवतीचं पान तुम्ही माझ्याकडूनच मागवलं होतं, ते आता आठवलं. नळाचा पाइप कापायचाय म्हणाला होतात, आणि पाइप आहे तसाच आहे. ड्रममधल्या झाडाला इतकी लिंबं कशी धरतात असं मी एकदा विचारलं तर म्हणालात, खत चांगलं आहे. आणि वर या दोरीच्या मुठी. उचलता येतं असं आम्हाला दिसावं म्हणून बांधलेल्या. काय म्हणावं तुम्हाला? म्हणजे आपल्या भांडणात मी केव्हाच जिंकलो होतो आणि तुम्ही मला कळूसुद्धा दिलं नाहीत. त्यानंतरही दर रविवारी माझे टोमणे निमूट ऐकून घेतलेत. जमीन तुमची आहे, म्हणत राहिलात. मी तिथे चिखलात बसून हसलो हो, बाबा, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि ईशा माझ्याकडे घाबरून बघत होती.

सीमा हसली नाही. तिने दोरी सोडली, ड्रम हळूच खाली बसवला, हात न धुता खिशातून फोन काढला आणि परागला लावला. स्पीकर चालू होता. ती म्हणाली, "पराग, लिंबू येणार नाही रे."

त्याला वाटलं ट्रकमध्ये जागा नसेल, मी बोलतो त्यांच्याशी, म्हणायला लागला. सीमाने त्याला मध्येच थांबवलं. "बाबांनी ते जमिनीत लावलंय."

मला वाटलं लाइन तुटली.

"जमिनीत?" पराग म्हणाला. "बाबांनी?"

"हो. स्वतःच्या हाताने. आम्हाला न सांगता."

मग तुमचा मुलगा इतक्या हळू बोलला की ईशा फोनजवळ सरकली. "म्हणजे ते तिथून उठणार नव्हते, ताई."

"नाही," सीमा म्हणाली. "नव्हतेच उठणार."

आणि मग ती रडली, बाबा, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने, पायरीवर बसून, मातीच्या हातांनी तोंड झाकून. मी शेजारी बसलो आणि तिला पोटभर रडू दिलं.